रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची खरी किंमत कशी काढावी आणि क्रॅकमधून बाहेर कसे पडावे

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी आणि चिक्कोडी या भागांत माडीवरच्या एखाद्या खोलीत गाद्या आणि जाड पडदे लावून उभारलेले छोटे स्टुडिओ आता नवलाईचे राहिलेले नाहीत. तेथे भजनी मंडळांचे अभंग ध्वनिमुद्रित होतात, गणेशोत्सव आणि शिवजयंतीच्या मिरवणुकांसाठी गाणी तयार होतात, आणि निवडणुका आल्या की प्रचाराच्या रिक्षासाठी एकच मजकूर आधी मराठीत आणि मग कन्नडमध्ये बोलून घेतला जातो. माइक, हेडफोन आणि ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडणारी पेटी, यांचे पैसे मालकाने रोख मोजलेले असतात. ज्या सॉफ्टवेअरवर हे सारे काम चालते ते मात्र पुष्कळदा क्रॅक केलेले, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडून फुकट वापरलेले असते. कारण विचारले तर ‘परवडत नाही’ एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर एके काळी खरे होते. आज ते बहुतेकांच्या बाबतीत खरे नाही, आणि आपल्या बाबतीत ते खरे आहे की नाही हे कागदावर कसे तपासावे, ते या लेखात सांगितले आहे.

किमती कशा उतरल्या

ज्या काळात क्रॅकची सवय लागली त्या काळातील किमती आधी पाहाव्यात. ॲपलचे लॉजिक प्रो हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर २००७ पर्यंत ९९९ डॉलरना मिळत असे आणि त्यासोबत संगणकाला लावायची डाँगल येत असे. ती डाँगल नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नसे. प्रो टूल्स तर २०१० मध्ये नववी आवृत्ती येईपर्यंत ठरावीक हार्डवेअर असल्याशिवाय चालतच नव्हते. निपाणीतल्या एखाद्या हार्मोनियमवादकाने हे सामान परदेशातून मागवावे, त्यावर आयात शुल्क भरावे आणि डाँगल बिघडली तर ती पुन्हा परदेशी पाठवावी, अशी अपेक्षा करणे हास्यास्पदच होते. त्यामुळे सीडीवर पाच-पन्नास रुपयांत मिळणारी चोरटी प्रत हाच येथला बाजार झाला.

या चोरीवर उत्पादकांनी दोन उपाय केले. एक कुलपाचा आणि दुसरा किमतीचा. कुलपाचा उपाय माझ्या मते साफ फसला, कारण डाँगल सांभाळण्याची कटकट पैसे भरणाऱ्यालाच होती. चोरट्या प्रतीत ते कुलूप आधीच काढून टाकलेले असे. किमतीचा उपाय उशिरा आला, पण तो पुढे टिकला. ॲपलने २००७ मध्ये लॉजिकची किंमत ४९९ डॉलरवर आणली आणि त्याच वेळी डाँगलही काढून टाकली. २०११ च्या डिसेंबरात तेच सॉफ्टवेअर १९९.९९ डॉलरना मिळू लागले. २०१३ पासून पुढच्या सर्व मोठ्या आवृत्त्याही त्याच पैशांत मिळाल्या. केकवॉक हे विंडोजवरील जुने आणि महागडे सॉफ्टवेअर बँडलॅबने विकत घेऊन २०१८ मध्ये मोफत केले. २०१६ मध्ये स्प्लाइस या कंपनीने सीरम हा लोकप्रिय सिंथेसायझर महिना ९.९९ डॉलरच्या हप्त्याने द्यायला सुरुवात केली, आणि हप्ते पूर्ण झाले की तो कायमचा आपला होई. क्रॅक वापरणाऱ्याला एकरकमी १८९ डॉलर नको असतात, पण लहान रक्कम तो देऊ शकतो, हे या योजनेने ओळखले होते. स्टाइनबर्ग या कंपनीने तर आपल्या क्यूबेस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची डाँगल २०२२ मध्ये, बाराव्या आवृत्तीपासून, सोडून दिली.

उलट दिशेचा प्रयोगही झाला. वेव्ह्ज या प्लगइन, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला जोडायची साधने, बनवणाऱ्या कंपनीने मार्च २०२३ मध्ये कायमचे परवाने विकणे बंद करून फक्त सदस्यत्व ठेवले. ग्राहक इतके भडकले की काही दिवसांतच कंपनीला कायमचे परवाने पुन्हा विकायला काढावे लागले. ज्यांनी वर्षानुवर्षे इमानाने पैसे भरले तेच त्या दिवसांत सर्वांत जास्त संतापले होते, आणि किंमत ठरवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी गोष्ट हीच आहे.

छापील किंमत, हातात पडेपर्यंतची किंमत आणि पाच वर्षांची किंमत

संकेतस्थळावर दिसणारा डॉलरचा आकडा ही किंमत नव्हे. त्यावर तीन गोष्टी चढतात: रुपयाचा दर, विक्रेत्याने आकारल्यास १८ टक्के जीएसटी आणि परदेशी व्यवहारावर बँक लावते तो अधिभार, जो बहुतेक कार्डांवर २ ते ३.५ टक्के असतो. रीपर या सॉफ्टवेअरचे उदाहरण घेऊ. त्याचा सवलतीचा परवाना ६० डॉलरचा आहे. डॉलरचा दर ८५ रुपये धरला तर ५,१०० रुपये झाले. जीएसटी धरून ६,०१८ आणि ३.५ टक्के अधिभार धरून साधारण ६,२०० रुपये. हिशेबात नेहमी ही शेवटची रक्कम घ्यावी, आणि हिशेब करताना त्या दिवसाचा दर घालावा.

मग प्रश्न येतो की हा सवलतीचा परवाना आपल्याला चालतो का. पुष्कळजण येथे अडखळतात. ‘आपण तर गिऱ्हाइकाकडून पैसे घेतो, म्हणजे आपल्याला २२५ डॉलरचा व्यावसायिक परवाना लागणार,’ असे समजून ते मागे फिरतात आणि पुन्हा क्रॅककडे वळतात. प्रत्यक्षात रीपरची अट अशी आहे की वैयक्तिक वापर करणाऱ्याला, शैक्षणिक वा ना-नफा संस्थेला, आणि व्यवसाय करणाऱ्यांपैकी ज्याची वर्षाची एकूण आवक २०,००० डॉलरपेक्षा जास्त नाही अशा प्रत्येकाला ६० डॉलरचाच परवाना पुरतो. ८५ च्या दराने २०,००० डॉलर म्हणजे १७ लाख रुपये. आपल्या भागातील एका खोलीच्या स्टुडिओपैकी या रेषेच्या वर किती जातील, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. जो जाईल त्याला २२५ डॉलर जड वाटू नयेत. शाळा आणि ना-नफा नोंदणी असलेली सांस्कृतिक मंडळे तर सरळ सवलतीतच बसतात.

परवाना किती काळ पुरतो हेही पाहावे. रीपरचा एक परवाना दोन मोठ्या आवृत्त्यांपर्यंत चालतो. पाचवी आवृत्ती ऑगस्ट २०१५ मध्ये आली आणि सातवी ऑक्टोबर २०२३ मध्ये. म्हणजे पाचवी आल्या आल्या ज्याने परवाना घेतला त्याला मधल्या आठ वर्षांत एक रुपयाही भरावा लागला नाही, आणि त्यानंतरही त्याची जुनी आवृत्ती बंद पडली नाही. एका गाण्यामागे १०० रुपये बाजूला काढले तर ६,२०० रुपये ६२ गाण्यांत फिटतात.

सदस्यत्वाचा हिशेब वेगळा लागतो. प्रो टूल्सची आर्टिस्ट ही लहान आवृत्ती २०२२ मध्ये वर्षाला ९९ डॉलर या दराने आली. पाच वर्षांचे ४९५ डॉलर, म्हणजे कर आणि अधिभार सोडूनच ४२,००० रुपयांच्या वर. बाहेरच्या मोठ्या स्टुडिओशी प्रकल्पांची, म्हणजे गाण्यांच्या मूळ कामाच्या फाइलींची, देवाणघेवाण रोज होत असेल तर हा खर्च समजण्यासारखा आहे. पण ज्याचे काम मे-जूनमध्ये थंडावते आणि श्रावणापासून दिवाळीपर्यंत धावते, त्याने बारा महिन्यांचे भाडे का भरावे? सदस्यत्व संपले की जुने प्रकल्प उघडण्यासाठी पुन्हा पैसे भरावे लागतात, ही गोष्ट जाहिरातीत ठळक अक्षरांत नसते.

कामाप्रमाणे निवड

चार जणांचे भजनी मंडळ, म्हणजे गायक, हार्मोनियम, पखवाज आणि टाळ, एवढेच मुद्रित करायचे असेल तर पैसे खर्च करण्याची गरज नाही. २००० साली प्रथम प्रसिद्ध झालेले ऑडॅसिटी पूर्णपणे मोफत आणि मुक्त-स्रोत आहे, आणि २०२२ च्या ३.२ आवृत्तीपासून त्यात ध्वनी वाजत असतानाच इफेक्ट बदलता येतात. मात्र कीबोर्डवरून मिडी, म्हणजे आवाजाऐवजी वाजवलेल्या स्वरांची नोंद, मुद्रित करणे त्यात जमत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. प्रो टूल्सच्या मोफत इंट्रो आवृत्तीत ८ ऑडिओ, ८ वाद्यांचे आणि ८ मिडी ट्रॅक, म्हणजे मुद्रणाच्या वेगवेगळ्या पट्ट्या, मिळतात; चार माइकच्या कामाला ते भरपूर झाले. ट्रॅक्शनचे वेव्हफॉर्म फ्री ट्रॅकच्या संख्येवर बंधन घालत नाही. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी आर्डर आहे, ज्याचा मूळ कोड मोफत आहे आणि चालवायला तयार प्रतीसाठी इच्छेप्रमाणे लहान रक्कम घेतली जाते. ज्यांच्याकडे मॅक किंवा आयपॅड आहे त्यांना गॅरेजबँड फुकट मिळते.

मिरवणुकीची गाणी आणि रिमिक्स करणाऱ्या तरुणांचा ओढा एफएल स्टुडिओकडे असतो, आणि एकदा विकत घेतल्यावर पुढच्या सर्व आवृत्त्या आयुष्यभर मोफत, हे त्याचे धोरण खरोखर उदार आहे. पण त्याची सर्वांत स्वस्त फ्रूटी आवृत्ती घेताना सांभाळावे: तिच्यात माइकवरून आवाज मुद्रित करता येत नाही. गाणारा समोर बसणार असेल तर प्रोड्यूसर ही वरची आवृत्तीच घ्यावी लागते आणि हिशेब त्याच किमतीवर करावा लागतो. एफएल स्टुडिओच्या चाचणी आवृत्तीत गाणे बनवून बाहेर काढता येते, परंतु जतन केलेला प्रकल्प पुन्हा नीट उघडत नाही. म्हणून ती शिकण्यापुरती ठीक, गिऱ्हाइकाच्या कामासाठी नव्हे. रीपरची चाचणी ६० दिवसांची असून तीत काहीही बंद केलेले नसते, आणि मुदत संपल्यावरही सॉफ्टवेअर चालू राहते, फक्त उघडताना आठवण देणारी खिडकी येते. ते चालू राहते म्हणून ते फुकट आहे असा अर्थ आपल्याकडे सर्रास काढला जातो. मुदतीनंतरचा वापर हा विनापरवाना वापरच ठरतो.

नवीन ऑडिओ इंटरफेस घेतला असेल तर त्याची पेटी फेकण्याआधी तपासावी. फोकसराइटच्या स्कार्लेटसोबत एबलटन लाइव्ह लाइट येते आणि स्टाइनबर्गच्या यूआर मालिकेसोबत क्यूबेस एआय येते. ही रीतसर परवान्याची सॉफ्टवेअरे हक्काने मिळालेली असताना शेजारच्या पेनड्राइव्हवरून त्यांचीच मोठी आवृत्ती क्रॅक करून घातली जाते, असे चित्र दिसते. इंटरफेस जुन्या बाजारातून घेतला असेल तर आधीच्या मालकाने या सॉफ्टवेअरचा नोंदणी कोड वापरला आहे का हे सौदा होण्यापूर्वी विचारावे, कारण असा कोड एकदाच चालतो. महाविद्यालयात शिकणाऱ्यांनी विद्यार्थी सवलत पाहावी. एबलटन ४० टक्के सूट देते, आणि विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतली मुले आपले ओळखपत्र दाखवून ती मागू शकतात.

प्लगइनच्या बाबतीत माझे मत थोडे कठोर आहे. क्रॅकचा शिरकाव मुख्य सॉफ्टवेअरमधून कमी आणि तबला, ढोलकी, सनई यांच्या तयार आवाजांच्या संग्रहांतून जास्त होतो, आणि या भागात त्या संग्रहांची निकड मला फारशी पटत नाही. हलगी, ढोल, झांज, पखवाज वाजवणारी माणसे जवळच्या गावांत असताना, आणि सौंदत्तीच्या यल्लम्माच्या गाण्यांतले चौंडके तर कोणत्याही परदेशी संग्रहात जसे हवे तसे मिळणे कठीण असताना, त्याच पैशांत वादकाला बोलावून एक दुपार मुद्रण करावे. तो आवाज आपल्या मालकीचा राहतो. इक्वलायझर आणि कंप्रेसर ही आवाज सुधारण्याची साधने रीपरमध्ये आहेतच. आणखी वाद्ये हवी असतील तर स्पिटफायर या कंपनीने लॅब्स या नावाने काढलेल्या मोफत संग्रहातील आवाज पाहावेत.

पैसे भरताना

किंमत परवडूनही खरेदी अडते ती येथे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवीन कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करावे, मर्यादा खरेदीपुरतीच ठेवावी आणि काम झाल्यावर पुन्हा बंद करावे. यूपीआय बहुतेक परदेशी विक्रेत्यांकडे चालत नाही. मासिक सदस्यत्व घेतले तर आपोआप होणारी वजावट नाकारली जाण्याचा प्रकार पुष्कळदा घडतो, कारण अशा वजावटीसाठी आपल्याकडे आगाऊ नोंदणी आणि संमती लागते आणि सर्वच परदेशी विक्रेत्यांची व्यवस्था तिच्याशी जुळलेली नसते. गणपतीच्या आदल्या आठवड्यात सॉफ्टवेअर बंद पडलेले परवडणार नाही. त्यामुळे सदस्यत्व घ्यायचेच तर वर्षाचे पैसे एकदम भरावेत. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांनी शक्य तेथे बंगळूर, पुणे किंवा मुंबईच्या भारतीय वितरकाकडून रुपयांतले बिल घ्यावे, म्हणजे भरलेल्या कराची वजावट मिळते.

वेळही निवडता येते. बहुतेक कंपन्यांच्या मोठ्या सवलती नोव्हेंबरच्या शेवटी लागतात, आणि आपल्याकडची घाई ऑगस्टमध्ये असते. हंगाम मोफत आवृत्तीवर किंवा चाचणी आवृत्तीच्या मुदतीत काढून, हातात आलेल्या कमाईतून नोव्हेंबरात खरेदी करावी, हा क्रम सोयीचा पडतो.

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटी-कणकुंबीकडे, पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसतो. तेथील वाचकांनी खरेदीपूर्वी सॉफ्टवेअर किती दिवसांनी इंटरनेट मागते हे विचारून घ्यावे. रीपरचा परवाना ही एक छोटी फाइल असते आणि ती एकदा घातली की इंटरनेटची गरज राहत नाही.

क्रॅकची किंमत

चोरटी प्रत फुकट असते हा समज मोडण्यासाठी एक घटना पुरेशी आहे. ईसेट या सुरक्षा कंपनीने २०१९ मध्ये उघड केले की ऑगस्ट २०१८ पासून संगीताच्या चोरट्या सॉफ्टवेअरमधून, म्हणजे एबलटन, कॉन्टॅक्ट अशा नावांच्या प्रतींतून, लाउडमायनर नावाचा प्रोग्रॅम पसरवला जात होता. तो संगणकात गुपचूप एक आभासी यंत्र, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक, बसवून त्यावर दुसऱ्यासाठी क्रिप्टोचलन तयार करत असे. संगीताचे सॉफ्टवेअर मुद्दाम निवडले गेले, कारण ते चालवणारे संगणक ताकदवान असतात, आणि फाइल मोठी असली किंवा प्रोसेसर तापला तरी कोणाला संशय येत नाही. काहीही चालू नसताना पंखा जोरात फिरत असेल तर वीजबिल कोणाच्या कामाचे येत आहे, हा प्रश्न विचारायला हवा.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम ६३ब नुसार सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद न देता ५०,००० रुपयांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते. ही सवलत दर लावून काम करणाऱ्या स्टुडिओला लागू होत नाही. संगणक जुळवून देणारा दुकानदार ‘सगळे टाकून देतो’ म्हणाला तरी वापरणारे आपणच असतो. त्यामुळे त्याला काही टाकू नये असे स्पष्ट सांगावे, आणि विंडोजचा परवाना बिलावर लिहून घ्यावा.

जुने काम वाचवून बाहेर पडणे

सॉफ्टवेअर काढण्याआधी प्रकल्प वाचवावेत, कारण क्रॅक प्लगइन गेले की त्यांवर बेतलेला प्रकल्प पूर्वीसारखा उघडत नाही. प्रत्येक गाण्याचा प्रत्येक ट्रॅक अगदी शून्यापासून शेवटपर्यंत, एकाच लांबीचा, २४ बिट वेव्ह (.wav) फाइल म्हणून बाहेर काढावा. एक प्रत इफेक्टसह आणि एक प्रत कोरी ठेवली तर पुढे मिक्सिंग पुन्हा करता येते. मिडीचे भाग वेगळे काढावेत, आणि गाण्याची लय व स्वर एका मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवावेत. सहा महिन्यांनी मंडळाचे लोक ‘तेच गाणे, कन्नडमध्ये’ म्हणून येतात तेव्हा ही फाइल उपयोगी पडते. हे सारे बाहेरच्या डिस्कवर न्यावे. फक्त ध्वनी, मिडी आणि मजकूर न्यावा. इन्स्टॉलर किंवा प्लगइनचे फोल्डर नेले तर घाण पुन्हा घरात येते.

त्यानंतर क्रॅक एकेक काढत बसण्यात अर्थ नाही. संगणकाची डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने घालावे, आणि ईमेल व बँकेचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून, म्हणजे मोबाइलवरून चालेल, बदलावेत. नवीन सॉफ्टवेअर घातल्यावर आधी एकच जुने गाणे घेऊन त्याच्या वेव्ह फाइली शून्यावर लावून पाहाव्यात. सर्व ट्रॅक जुळले तर बाकीची गाणीही तशीच आणावीत, आणि ती आणून झाल्यावरच बाहेरची डिस्क दुसऱ्या कामाला मोकळी करावी. हे काम पौषात किंवा परीक्षांच्या दिवसांत, गिऱ्हाईक कमी असताना काढावे, आणि हाती घेतलेले एकही काम अर्धवट असताना सुरू करू नये.

परवाना कोणाच्या नावाने घ्यायचा हे खरेदीच्या आधी ठरवावे. मंडळासाठी किंवा भागीदारीतल्या स्टुडिओसाठी तो घेतला जात असेल तर संस्थेचा स्वतंत्र ईमेल उघडून त्यावरच नोंदणी करावी आणि परवान्याची फाइल, बिल व त्या ईमेलचा पासवर्ड निदान दोघांकडे ठेवावा. ज्या मुलाच्या मोबाइलवर ओटीपी आला त्याच्याच खात्यावर परवाना राहिला, आणि पुढे तो नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळूरला गेला, तर स्टुडिओत संगणक उरतो आणि परवाना त्याच्याबरोबर जातो.